ओत्सिले मामाने न बघितलेली मगर

ओत्सिले मामाला माती देऊन आज नऊ दिवस झाले. माऊनच्या बस स्टँडमागं पंक्चर काढायचा तो. दर ऑगस्टला मोआगी आणि बात्शानी या दोन मित्रांना घेऊन ख्वाई नदीवर जायचा, तंबू ठोकायचा, दोन दिवस जनावरं बघायचा. आता आम्ही क्वेना कुळाचे, मगर आमचं देवक. तिच्याकडं बघायचं नाही, बघितलं की डोळे येतात म्हणतात. आजकाल कोण पाळतंय. मामा पाळायचा. एवढ्या लांब नदीवर जायचा आणि नदीकडं पाठ करून बसायचा. मगर आली की वारुळावर चढून मोआगी सांगायचा आणि मामा ऐकायचा. वीस वर्षं त्यानं मगर नुसती ऐकली.

एका साली आमच्या थोरल्या बहिणीला, गोराताला मागणी आली. मुलाकडचे रविवारी पहाटे येणार. आणि आमच्यात मुलीचा मामा हजर नसला तर बोलणीच होत नाहीत, पाहुणे फाटकातूनच परत जातात. आई म्हणाली, "या खेपेला राहू दे की रे तंबू."

"ताई, शनिवारी दुपारी निघतो. संध्याकाळी तुझ्या चुलीपाशी बसलेला असेन."

शनिवारी दुपारी सामान बांधलं, चुलीवर तेवढं मटण राहिलं होतं. तेवढ्यात नदीतनं मगर वर आली आणि सरळ मामाच्या गाडीखाली सावलीला जाऊन पडली. बात्शानी झाडावर चढला, मोआगी वारुळावर. मामानं टोपी नाकापर्यंत ओढली आणि पाठ करून उभा राहिला. बोलणीला घालायचा त्याचा कोट गाडीत होता.

"काय करतायत?" मामा मगरीला अहोजाहोच करायचा.

"झोपलेत," मोआगी म्हणाला. "पोट अगदी तुझ्या बापासारखं आहे."

झाडावरनं बात्शानी म्हणाला, "दगड हाण की एक."

"तुझ्या काकाला हाण. आमचे वडीलधारे आहेत ते."

"मग वडीलधाऱ्यांना सांग, मटण करपतंय."

मामानं कुळाची सगळी स्तुती म्हटली, पाठ करूनच. मग सांगितलं, भाचीचं लग्न ठरतंय, भाची काय माझी एकट्याची नाही, तुमचीही आहे, जरा वाट द्या.

"एक डोळा उघडलाय," मोआगी म्हणाला.

"आणि?"

"मिटला."

"विचार करतायत," मामा म्हणाला.

तासभर वाट बघितली. मग मामा उलटा चालत गाडीकडं निघाला. मोआगी डावीकडं, उजवीकडं सांगत होता, तरी मामा दोनदा काट्यात गेला. शेवटी कसाबसा गाडीत चढला, कोट घातला, किल्ली लावली आणि तसाच बसला.

"चालू कर की," बात्शानी ओरडला.

"खाली माणूस झोपलंय आमचं. अंगावरनं गाडी नेऊ?"

दर थोड्या वेळानं मामा विचारायचा, गेले का. मोआगी म्हणायचा, नाहीत. बात्शानीला झाडावरनं गाडीचं नुसतं टप दिसत होतं. दिवस मावळायला आला तसा तो फांदीवरनं घसरून गाडीशेजारीच पडला. पडल्या पडल्या त्यानं खाली बघितलं. "इथं कुणी नाही रे."

"कधी गेले?"

"आत्ताच," मोआगी म्हणाला.

रविवारी पहाटे मुलाकडचे फाटकाबाहेर उभे. आईचा जीव टांगणीला. तेवढ्यात अंधारात वाळूच्या वाटेनं रात्रभर गाडी हाकून मामा आला, कोट काट्यांनी भरलेला, अंगाला करपलेल्या मटणाचा वास. त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, "मामांना उशीर झाला."

"आमच्यातले एक वडीलधारे गाडीखाली झोपले होते. उठवणं बरं दिसलं नसतं."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. "बरोबर आहे. मग काय म्हणाले ते?"

"काही हरकत घेतली नाही."

"मग बसू या," म्हातारा म्हणाला, आणि गोराताची बोलणी झाली.

मामाला माती देताना मोआगी आईजवळ आला. "ताई, मगर गाडीखाली होती त्या दिवशी मी डोळे मिटून बसलो होतो. मला मगरीची लई भीती वाटते."

"आणि बाकीची वीस वर्षं?"

"पहिल्या साली एकदा बघितली होती. मग तीच सांगत राहिलो."

"त्याला कळलं असतं तर रे."

"माहीत होतं त्याला. एकदा म्हणाला, मोआगी, तुझ्या मगरीचं पोट वीस वर्षं तेवढंच कसं. मग तोच म्हणाला, बरं, आता काय करतायत ते सांग."

मग मोआगीनं फावडं घेतलं आणि माती ओढायला लागला. डोळे उघडे होते त्याचे.