टेबलाच्या पायाखालचं पुस्तक

इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांना सगळ्या ‘कडक काकू’ म्हणत. चादरींच्या घडीमुळे की जिभेमुळे, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. नवरा गेला त्या वर्षी एका पुस्तकानं काकूंना तारलं होतं. तेच त्यांनी मैत्रिणींत सोडलं होतं: वाचा आणि पुढे द्या.

चादरीची घडी दोघींनी घालायची. टोकं जुळवायला जवळ आल्या की काकू गोष्टीचं एखादं वाक्य समोरचीच्या कानात घालत. शेवट मात्र कुणालाच सांगत नसत. वर्षभरात चौघींनी "वाचलं, पुढे दिलं" म्हणून सांगितलं आणि काकू हरखून गेल्या.

मग एका दुपारी इस्त्रीवाली म्हणाली, "काकू, शेवटी ती बहीण मरते ना, तेव्हा ढसाढसा रडले मी."

शेवटी कुणीच मरत नाही.

काकूंचं डोकं सणकलं. "तुला कुणी दिलं पुस्तक?" इस्त्रीवालीनं शिवणवालीकडे बोट दाखवलं, तिनं मशीनवालीकडे, आणि मशीनवालीनं मान खाली घालून काकूंच्या विहीणबाईंकडे. लेकीची सासू! पुस्तक पहिल्यांदा दिलं होतं तेही त्यांनाच. विहीणबाईंचं टेबल कोपऱ्यात होतं. त्याच्या आखूड पायाखाली, जुन्या अभ्र्यात गुंडाळलेलं, पुस्तक दबून पडलं होतं.

"टेबल हलत होतं हो," विहीणबाई म्हणाल्या.

"लेक दिलीय तुमच्या घरात. ती तरी धड आहे ना? आणि तुम्ही तिघी! खोटं सांगताना लाज नाही वाटली?"

विहीणबाईही काही कमी नव्हत्या. "रोज इतकं सांगता, वाचायला उरलंच काय? आता शेवटही सांगून टाका, म्हणजे सुटलो!"

घाव वर्मी बसला, कारण बोलणं खरं होतं. त्यानं काकू आणखीच भडकल्या. "मेले तरी सांगणार नाही!" पायाखालचं पुस्तक ओढून त्यांनी विहीणबाईंच्या टेबलावर आपटलं, आणि त्या दिवसापासून घडी घालताना तोंडातून चकार शब्द काढला नाही. कशाला काढतील? वर्षभर मूर्ख बनल्या होत्या बिचाऱ्या.

आठवड्यानं घडीला समोर विहीणबाई आल्या. मागे त्यांचं टेबल डुगडुगत होतं. टोकं जुळवताना त्यांनी चादरीला हिसकाच दिला. "भावानं दार उघडलं नाही हो! ही बाहेर उभी, आणि मेला आत जेवत बसला!"

हे काकूंनी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"पुढं वाचा," त्या गुरकावल्या. "संपलं की दुसरीला द्या. आणि टोक नीट धरा."