चावी माझ्याच खात्यात होती

भावाचं लग्न व्हायच्या आधी मुलुंडच्या घरात काहीही बिघडलं की बाबा मला फोन करायचे. मी घाटकोपरला राहते, शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लॅपटॉप, प्रिंटर, मोबाइल, सगळं माझ्याकडे यायचं. मग भावजय आली. ती एका ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचंच काम करते. वर्षभरात बाबांचे फोन कमी झाले. एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुका कित्याक त्रास, बाय? ती घरातच असता." ते सहज बोलले. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

म्हणून बाबांच्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची वेळ आली आणि भावजय नेमकी माहेरी गेलेली होती, तेव्हा मी संधी सोडली नाही. मध्येच लॅपटॉपने ईमेल खातं मागितलं. बाबांना पासवर्ड आठवेना, मी माझंच खातं टाकलं. सिस्टिमने आपणहून सगळी डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे कुलूपबंद, आणि त्या कुलपाची अठ्ठेचाळीस आकडी चावी माझ्या खात्यात ठेवली. असं होऊ शकतं, सेटिंगमध्ये जाऊन बघावं, नको असेल तर बंद करावं, हे मला माहीत होतं. पण भावजय परत यायच्या आत सगळं तयार दाखवायचं होतं. मी बघितलंच नाही.

चार महिन्यांनी भावजयीने लॅपटॉपचा बायोस, म्हणजे तो सुरू करणारा मूळ प्रोग्राम, अपडेट केला. असं काही बदललं की ते कुलूप चावी मागू शकतं; लॅपटॉप निळ्या पडद्यावर अडला आणि चावी मागू लागला. मधल्या काळात बाबांनी गिरणीतल्या जुन्या सोबत्यांची भजनं रेकॉर्ड केली होती. फोन भरला की लॅपटॉपवर टाकायचे आणि फोनमधून पुसायचे. त्यांच्यातला पखवाज वाजवणारा नुकताच गेला होता.

तिने मला शाळेत फोन केला. "ताई, सिस्टिम टाकताना तुमचं खातं वापरलं होतं का?"

मागून बाबांचा आवाज आला, "हात लावल्यान आणि वाट लावल्यान."

ते ऐकून मला बरं वाटलं. लपवत नाही, खूप बरं वाटलं.

"आठवत नाही गं," मी म्हटलं. "बघते."

फोन ठेवला आणि खातं उघडलं. बाबांच्या लॅपटॉपचं नाव होतं, खाली आकडे. मी ते पान बंद केलं.

पुढचे तीन दिवस बाबा रोज फोन करत होते. "तू केलंस तेव्हा नीट चालत होता." मी हूं म्हणायचे. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसलेला होता. "तेच्या पखवाजाचा रेकॉर्डिंग तेवढा माझ्याकडे होता. तेच्या बायकोक देतंय म्हणान सांगितलेलंय. आता काय तोंड दाखवू?"

शाळा सुटल्यावर मी थेट मुलुंडला गेले. भावजय नुकतीच कामावरून आली होती. मी आकडे वाचले, ती टाइप करत गेली. लॅपटॉप उघडला. बाबांनी पहिलं त्या पखवाजवाल्याचं भजन लावलं आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. ते संपल्यावर मी म्हटलं, "बाबा, चूक माझी होती. हिची नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तिका चाय दी," भावजयीला एवढंच म्हणाले.

स्वयंपाकघरात आधण उकळत असताना भावजय हळूच म्हणाली, "मला माहीत होतं, ताई. पडद्यावर ईमेलची पहिली अक्षरं दिसतात."

"मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"तुम्ही 'बघते' म्हणालात ना."

नंतर तिने बाबांना त्यांचं खातं उघडून दिलं, भजनांची एक प्रत पेनड्राइव्हवर काढली आणि एन्क्रिप्शनचं काय करायचं ते त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, राहू दे. मग तिने चावी कागदावर लिहून त्यांच्या हातात दिली. मी चहाचा कप धरून बघत होते. लाज वाटत होतीच. पण तीन दिवस बोलणी खाऊन गप्प राहणं मला कधीच जमलं नसतं, हे कळल्यावर तिच्याबद्दलचा हेवा कमी झाला नाही, वाढला.