मेघजीबापांच्या छकडोचे दोन नट

रस्त्याच्या अलीकडे माझी पिठाची गिरणी, पलीकडे मेघजी नकुमांचं अंगण, आणि अंगणात त्यांचा छकडो. पुढून मोटारसायकल, मागून गाडा असं ते तीन चाकांचं वाहन. सोळा माणसं, चार पोती आणि एखादी शेळी घेऊन ते रोज खंभाळियाला जायचं आणि यायचं. आमच्या खाडीकाठच्या वाऱ्यानं लोखंड वर्षभरात खाल्लं जातं. तरी बावीस वर्षांत मेघजीबापांनी छकडो कधी गॅरेजात नेला नव्हता. इंजिन उघडायचं ते घरच्या अंगणात, गोणपाट अंथरून, स्वतःच्या हातानं. गावात कुणाची मोटर अडली, कुणाचं इंजिन धापा टाकायला लागलं, की पहिली हाक त्यांनाच. त्या हाकेवर माणूस जगत होता म्हणा ना.

मग घरात जशू आली.

जशू म्हणजे लालजीची बायको, मेघजीबापांची सून. ध्रोळची. तिच्या बापाचं तेलइंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं. भाऊ नव्हता, म्हणून ही बापाच्या हाताखाली वाढली. लग्नात तिच्या पेटीत भांडी-लुगड्यांबरोबर एक पितळी दिवा आला. रॉकेल भरून पंप मारला की निळी ज्योत फेकणारा, डागकामाचा. सासूनं विचारलं, "हे काय गं?" तर सासूला 'बा' म्हणणारी जशू म्हणाली, "माझ्या बापुजींचा आहे बा. त्यांची दृष्टी गेली, म्हणून मला दिला."

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर लाज काढते, म्हणजे तोंड झाकते. पदर हनुवटीपर्यंत, आणि तोंडातून शब्द नाही. दोन वर्षं जशू त्याच घरात राहत होती, पण मेघजीबापांनी तिचा चेहरा लग्नातल्या फोटोतच काय तो पाहिला होता. काही सांगायचं झालं की ती पुरीबेनला, म्हणजे सासूला, सांगायची. बापा हातभर अंतरावर बसलेले असले तरी.

हातपंपाचं प्रकरण झालं तेव्हा बापा गावात नव्हते. आळीतला पंप बंद पडला होता, दांड्याचा बोल्ट गंजून एकजीव झालेला. दोन गड्यांनी घण घालून पाहिले. जशू दुपारी दिवा घेऊन गेली, बोल्ट तापवला, त्यावर काहीतरी लावलं, हळूहळू पाना फिरवला, आणि घटकाभरात पाणी आलं. त्या संध्याकाळी खंभाळियाहून येताना छकडोतला एकेक उतारू बापांना तेच ऐकवत होता.

वेला शिंपी तर मुद्दाम पुढे सरकून म्हणाला, "बापा, आता तुम्ही निवांत खाट टाकून बसा. घरात मिस्त्रीण आली!"

बापा हसले नाहीत. घरी आले, हत्यारांची पेटी उचलली आणि तिला कुलूप लावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पुरीबेन म्हणाली, "अहो, कुलूप कशाला? घरात चोर आहे का?"

"हत्यारं इकडची तिकडे होतात."

"कुणी हात लावला?"

"लावला नाही. लावेल."

त्यानंतर बापांना सगळ्यात सुनेचंच काहीतरी दिसायला लागलं. कुणी शिवणयंत्र घेऊन अंगणात आलं की ते आधी विचारायचे, "माझ्याकडे आलास की तिच्याकडे?" आलेला माणूस चाचरला की झालं, त्या दिवशी जेवण नाही. माझ्या गिरणीचा पट्टा घसरला तेव्हा मी सहज त्यांच्या घराकडे पाहिलं, तर म्हणाले, "तिकडे काय बघतोस? मी काय मेलो?" मी म्हटलं, "बापा, मी तुम्हालाच बघत होतो." त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर पटावं असं नव्हतंही.

फाल्गुनात त्यांच्या बहिणीच्या, रूडीबेनच्या मुलीचं लग्न निघालं. मामा म्हणून मामेरं घेऊन जायचं होतं: साड्या, चांदीचे पैंजण, गूळ, नारळ, आणि बरोबर पंधरा-सोळा माणसं. मामा आपल्याच छकडोतून वाजतगाजत जाणार, हे त्यांनी सहा महिन्यांपासून गावभर सांगितलं होतं. आणि लग्नाला पाच दिवस असताना छकडोनं दम सोडला. चढावर बसलेली माणसं उतरून ढकलायला लागली. इंजिनाच्या वरच्या झाकणाखालून, म्हणजे हेडखालून, फसफस वारा निघत होता.

"पॅकिंग गेलंय," बापा म्हणाले. "हेड उचलायचं, नवीन पॅकिंग टाकायचं. अर्ध्या दिवसाचं काम."

पण हेड उचलायचं तर आधी सायलेन्सरचा पाईप सोडवायला हवा, आणि तो दोन नटांवर धरलेला. दोन्ही नट गंजून लाल मातीचे गोळे झालेले. बापांनी पाना लावला, झटका मारला. पाना सटकला. पुन्हा मारला. तिसऱ्या झटक्याला नटाच्या सहाही कडा गुळगुळीत झाल्या.

ओट्यावरून पदराआडून आवाज आला, "बा, बापांना सांगा, आधी थोडं घट्ट बाजूला फिरवा. गंज फुटला की मग उलटं. आणि तापवलं तर..."

पुरीबेननं तोंड उघडायच्या आत बापा गरजले, "तिला सांग, तिचा जन्म व्हायच्या आधीपासून मी इंजिनं उघडतोय!"

"मला कशाला सांगता? तिला ऐकू येतंय."

"तरी सांग!"

मग त्यांनी पान्यात लोखंडी नळी घातली, दोन्ही पाय इंजिनाला लावले आणि दुसऱ्या नटावर सगळा राग काढला. 'टक्' असा बारीक आवाज आला. नट हातात, आणि तो ज्या आट्यांच्या दांडीवर चढलेला होता तो निम्मा स्टडही. करंगळीच्या पेराएवढा तुकडा तेवढा हेडमधून बाहेर डोकावत राहिला.

तोवर आळी जमलीच होती. वेला शिंपी म्हणाला, "बापा, घर की मुर्गी दाल बराबर म्हणतात ते हेच. सुनेला विचारा की."

बापांनी पाना त्याच्या पायाशी आपटला. "नजर लागली माझ्या कामाला! मागे उभं राहून टक लावून बघतात, मग तुटणार नाही तर काय?" आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. लसणीची चटणी आणि रोटला उशाशी वाळून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पॅकिंग आणायला खंभाळियाला गेले. येताना दुपारची जीप लवकर मिळाली. गावाच्या कडेला उतरून मागच्या वाटेनं ते बाभळीच्या कुंपणापाशी आले आणि थांबले. पुढचं मला त्यांनीच सांगितलं, फार वर्षांनी.

पुरीबेन फाटकाशी उभी राहून रस्त्यावर नजर ठेवत होती. अंगणात जशू छकडोपाशी उकिडवी बसली होती, पदर मागे टाकलेला. बापांनी पहिल्यांदा तिचं तोंड प्रत्यक्ष पाहिलं. लहानच होती. कपाळावर काजळी. ती निळी ज्योत नटाभोवती फिरवत होती. घाई नाही, जशी दूध उतू जाऊ नये म्हणून बाई चुलीपाशी बसते तशी. नट तापला की मेणबत्तीचं टोक लावायची. मेण वितळून आट्यांत शिरायचं, धूर निघायचा. मग पाईपपान्यानं केसभर पुढे, केसभर मागे. पुन्हा ज्योत. पुन्हा मेण. मध्येच पुटपुटत होती, "ये ना रे बाबा, किती रुसशील?"

बापांना वाटलं ओरडावं. पण त्यांचे डोळे तिच्या मनगटावर खिळले होते. किती जोर द्यायचा हे त्या मनगटाला कळत होतं. त्यांच्या स्वतःच्या मनगटाला पूर्वी कळायचं. हल्ली तिथे नुसतं बळ राहिलं होतं. गोल झालेला नट सुटला. मग तिनं तुटक्या तुकड्याला पाना लावला, आणि अर्ध्या तासानं तोही आट्यांवरून फिरत फिरत बाहेर आला.

आता ही सासूला हाक मारील, दोघी हसतील, गावात डांगोरा पिटतील, असं बापांना वाटलं. पण जशूनं आटे पुसले, तेलाचा थेंब सोडला, आणि तो तुकडा परत आत बसवला. नटही बोटांनी परत चढवला. वरून गंजाची पूड चोळली. पेटीत दिवा ठेवता ठेवता म्हणाली, "बा, उद्या बापांच्या हातून सुटू दे. चार लोकांत त्यांचं नाव आहे."

"मला कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं," बापा मला म्हणाले होते. "तिनं माझं काम चोरलं असतं तर मी भांडलो असतो रे. तिनं ते मला दान दिलं. दान! त्या रात्री माझ्या पोटात जे जळत होतं, त्यावर रोटले भाजले असते."

मग त्यांनी काय केलं? दान घेतलं.

सकाळी आळी पुन्हा जमली. बापांनी बाह्या सारल्या, नटाला पाना लावला, ओठ चावून जोर लावल्याचं सोंग केलं, आणि नट लोण्यातून केस निघावा तसा निघाला. मग तुकडा. वेला शिंप्यानं टाळी वाजवली. "वा बापा! जुनं ते सोनं!"

"धीर लागतो," बापा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "तापवून मेण द्यायचं. आजकालच्यांना कुठे माहीत?"

पुरीबेननं त्यांच्याकडे पाहिलं आणि घरात निघून गेली. जशू चहा घेऊन आली, पदर हनुवटीपर्यंत. तिनं बशी खाली ठेवली. ती हसते आहे की रडते आहे, बापांना कळेना. पदराआड काहीच दिसत नव्हतं. तो दिवसभर ते त्या पदराकडे बघत राहिले आणि उगाच पुरीबेनवर खेकसत राहिले.

मामेरं थाटात निघालं. छकडो नव्यासारखा फटफटत होता, मागे बायका गाणी म्हणत होत्या, मीही बापांच्या शेजारी नारळांचं पोतं सांभाळत बसलो होतो. रूडीबेनच्या दारी पोचलो तर मांडवात गोंधळ. विहिरीवरचं तेलइंजिन सकाळपासून बंद, आचारी हात बांधून बसलेले, चारशे पानं उठायची आणि पिण्यालाही पाणी नाही.

रूडीबेनचे यजमान नारणभाई धावत आले. "मेघजी, देवासारखा आलास! डिझेलच्या नळीचा नट अडकलाय. आमच्या मिस्त्रीनं त्याच्या कडा खाऊन टाकल्या. तुझ्या छकडोची गोष्ट इथवर आलीय. लाव हात!"

बापांच्या डोक्यावर नवा फेटा होता. विहिरीपाशी वऱ्हाड गोळा झालं. त्यांनी पाना लावला. घट्ट बाजूला फिरवून पाहिलं, उलटं फिरवून पाहिलं. चुलीतला निखारा आणून धरला, मेणबत्ती लावली. जे जे कुंपणाआडून पाहिलं होतं ते ते केलं. नट हलला नाही. फेट्याखालून घामाची धार लागली. आणखी एक झटका मारला असता तर नळीच मोडली असती. हात झटका मारायला शिवशिवत होता, हे मला शेजारून दिसत होतं.

त्यांनी पाना खाली ठेवला.

"माझ्याच्यानं होत नाही," ते म्हणाले. "छकडोचंही माझ्याच्यानं झालं नव्हतं. सुनेनं सोडवलं होतं. मी नुसतं मिरवलं." आणि मग माझ्याकडे बघून, दात खाऊन, "जा, बोलाव तिला. बघतोस काय?"

वऱ्हाडात कुणी खोकललं, कुणी हसलं. नारणभाई गडबडले. "अरे पण मेघजी, इथे सगळी वडीलधारी मंडळी. लाज काढून ती काम कशी करणार? तिला दिसणार काय?"

बापा उठले आणि विहिरीकडे पाठ करून बाजरीच्या कडब्याच्या गंजीकडे तोंड करून उभे राहिले. "मी फिरलो. ज्यांना पाणी हवंय त्यांनी फिरा."

मग नारणभाई फिरले. मग नवरीचे आजोबा. बघता बघता पागोटी बांधलेली तीस-चाळीस माणसं कडब्याकडे तोंड करून रांगेत उभी राहिली. मी असं दृश्य पुन्हा पाहिलं नाही. जशू आली. पदर मागे सारल्याची बांगड्यांची किणकिण झाली. तिनं पुरीबेनकडून मेणबत्ती घेतली, आचाऱ्याकडून स्टोव्ह मागवला.

पाठमोरे बापा ऐकत होते. मी त्यांच्या शेजारी होतो. डोळे मिटलेले, मान एका बाजूला. मागे ज्योत फुरफुरली, पाना लागला. बापांची बोटं कमरेपाशी आपोआप वळत होती, थोडी पुढे, थोडी मागे. मध्येच ते पुटपुटले, "फार तापवलंस. थांब जरा." दोन वर्षांत सुनेशी बोललेले ते पहिले शब्द. मागे ज्योत बारीक झाली. मग थोड्या वेळानं 'करर्' असा कोरडा आवाज आला.

"सुटला," बापा म्हणाले. कुणी सांगायच्या आधी.

इंजिन धडधडलं, पाटात पाणी आलं, बायकांनी जशूला घेरलं. नवरीच्या आजीनं तिच्या हातावर नारळ ठेवला. मामाला जो मान मिळायचा तो सगळा त्या दिवशी सुनेकडे गेला. बापा एका कोपऱ्यात बसून पान चावत होते. मी म्हटलं, "बापा, मोठ्या मनाचं काम केलंत."

"मन कसलं मोठं?" ते थुंकले. "आत नुसती राख झालीय. पण चारशे माणसं तहानेनं मारायची का माझ्यापायी?"

आता खंभाळियाच्या रस्त्यावर जशूचं दुकान आहे. पंप, इंजिनं, शेतातल्या मोटरी. बापांना तिनं स्वतःच खुर्ची टाकून दिलीय, आणि ते रोज सकाळी जाऊन बसतात. तिच्या प्रत्येक कामात खोट काढतात. "इथे वायसर जाड लागतो, तिला सांग कुणीतरी," असं समोरच बसून गिऱ्हाइकाला सांगतात. पदर आता कपाळापर्यंतच असतो, आणि जशू उलट उत्तर देते. कधी कधी बापांचं म्हणणं बरोबर निघतं. त्या दिवशी ते दोन रोटले जास्त खातात.

मागच्या आठवड्यात माझ्या गिरणीचा एक बोल्ट घेऊन गेलो होतो. जशू दुसऱ्या कामात होती. बापांनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आटे नखानं खरवडले आणि कडवट तोंड करून मला परत दिला.

"बस," म्हणाले. "तासभर लागेल तिला. मला दीड लागला असता."