घड्याळ काय म्हणते

आमच्या चंद्रपूरच्या जिममधले एक भाऊ वजन खाली ठेवलं की आधी मनगट बघायचे. हातातलं घड्याळ आपल्याशी बोलते, अशाच थाटात ते त्याच्याबद्दल सांगत. "एवढं लोखंड उचललं, अन् हे म्हणते कॅलरी जळल्याच नाई." आवाज दुखावलेला. मग घड्याळाच्या आकड्यात बसेल तेवढंच जेवायचे. गाल आत गेले. बेंचवरून उठताना ते भिंत धरू लागले. मला भीती वाटायची, पण घड्याळापुढे माझं कोण ऐकणार?

मे महिन्यात एका सकाळी लाईन गेली. कूलर बंद, वर टिनाचं छत. वजनाला हात न लावता आम्ही दोघं नुसतेच घाम पुसत बसलो. लाईन आल्यावर त्यांनी मनगट पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं. उकाड्याने छाती धडधडत होती. घड्याळाने ती धडधडच मेहनत समजून मोजली होती. कॅलरीचा आकडा रोजच्यापेक्षा मोठा होता.

"म्या तं बसूनच होतो ना?"

"बसूनच होते, भाऊ."

"अन् याचं ऐकून म्या उपाशी राह्यलो."

त्यांनी घड्याळ काढून बॅगेत टाकलं आणि मन भरेपर्यंत वजनं उचलली.

नंतर बाहेरच्या ठेल्यावर त्यांनी तर्री पोहे घेतले. अर्धी प्लेट झाल्यावर सवयीने मनगट वर आलं. तिथे घड्याळाच्या पट्ट्याएवढी गोरी कातडी होती. तिच्याकडे क्षणभर बघून ते ठेलेवाल्याला म्हणाले, "तर्री टाक अजून."