अनूचं काचांचं घर

अनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी उसाला पाणी पाजत होतो. माझी धाकटी बहीण. मोटार बंद केली आणि चिखलाच्या पायांनी तसाच वडूजच्या एसटीत बसलो. रडलो नाही. डोक्यात एकच होतं, आता तिच्या घरात तिचा थोरला दीर घुसणार.

बापूराव त्याचं नाव. अनूचा नवरा फौजेत वारला तेव्हा तिच्या बांगड्या फोडायला बायका कचरत होत्या. ह्यानं दरडावलं, "रीत हाय, फोडा." मी पोचलो तर अनूच्या रक्ताळलेल्या मनगटांना चिंध्या बांधलेल्या... पुढं अनूनं तेच तुकडे वेचले, ओल्या गिलाव्यात दाबले आणि भिंतीवर मोर काढला. बापूराव ओरडला, "अपशकुन हाय ह्यो!" ती म्हणाली, "फोडताना न्हवता का?"

मग गावात कुणाच्या बांगड्या फुटल्या की ती बाई पदरात तुकडे घेऊन अनूकडं यायची. अनू चहा पाजून म्हणायची, "कुठं लावू, तूच दाव." भिंती भरल्या. खिडक्यांनाही तिनं रंगीत काचा जोडून बसवल्या. शहरातली माणसं बघायला यायला लागली, संग्रहालय म्हणायला लागली.

अनूच्या माघारी परवा पुन्हा तिच्या घरी गेलो तर दारात बापूराव, कडक टोपी घालून. पुण्याच्या पाहुण्यांना सांगतोय, "भावजयीला ह्यो नाद आमीच लावला." मी शाळा फार शिकलो नाही, पण आवाज खणखणीत आहे. म्हटलं, "बापूराव, बांगड्या कुणी फोडायला लावल्या, त्ये बी सांगा की पाव्हण्यास्नी!"

त्याचं तोंड उतरलं. मला लय गार वाटलं. तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "एवढ्या भरल्या भिंतीत मधेच ही कोरी जागा कशी?"

"ती ह्यांच्या बायकोची," मी म्हटलं. "अनू सांगून गेलीय. हे गेले तरी जाऊबाईंच्या बांगड्या फुटायच्या न्हाईत. जागा कोरीच ऱ्हाणार."

बापूराव उसळला, "माझ्या घरची रीत मोडणारा तू कोण रं?"

आतून त्याची बायको आली, हातभर हिरवा चुडा. "आवं, त्यो कशाला मोडतोय? मी मोडणार हाय," म्हणाली आणि पाहुण्यांना आत घेऊन गेली. बापूराव उंबऱ्यावरच राहिला.

अनू दर सणाला ती कोरी जागा पांढऱ्या मातीनं सारवायची. त्या दिवशी सण नव्हता, तरी मी सारवली... सावकाश, बापूरावाला दारातून नीट दिसेल अशी.