जाड अक्षरांची झडती

डोळे अधू झाल्यापासून बाबांचं वाचन थांबलं होतं. म्हणून त्यांनी चळवळीत असताना काढलेली जुनी पत्रकं मी टाइप करून ई-रीडरमध्ये घातली. पण त्यातलं अक्षर बारीक आणि फिकट होतं. फुकट फॉन्ट देणारी एक साइट माझा फोन नंबर मागू लागली. अक्षरंच द्यायची तर नंबर कशाला? मी ती बंद केली. दुसरीकडून जाड फॉन्ट मिळवला, ई-रीडरमधल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला आणि चारकोपच्या आमच्या खोलीत बाबांसमोर निवडला. पान क्षणात बदललं.

बाबा दचकले. "एका बोटात अक्षर बदलतं? मग मजकूर बदलायला कितीसा वेळ लागणार रे?"

"मजकूर तोच आहे, बाबा."

"सगळे असंच म्हणतात."

पत्रक छापायला जाण्याआधी आमच्या घरी एकाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बोट फिरवायचं, अशी पद्धत होती. बाबांनी मूळ पत्रक माझ्या हातात दिलं आणि ई-रीडरवरून स्वतः वाचू लागले. हळूहळू त्यांचा सभेतला आवाज लागला. शेवटपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

"जुळलं ना?" मी विचारलं.

"या अक्षरात जुळलं," चष्मा पुसत ते म्हणाले. "आता दुसरं लाव. त्यातही बघू."