आम्ही बठ्ठा व्हतूत

ती केस आठवली की आजही मी खुर्चीला पाठ टेकून बसू शकत नाही, उठून फेऱ्या घालायला लागतो. घरचे हसतात. हसू देत! नोकरीत खून उलगडले, दरोडेखोर पकडले, पण असा आनंद दुसऱ्या कुठल्या तपासाने दिला नाही.

मी तेव्हा जळगावात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, त्यात वरिष्ठांनी चौकशीसाठी पाठवलेला एक अर्ज निघाला. अर्जदार बोदवडचा शिंपी, गावात सगळे त्याला मास्टर म्हणत. चोरीच्या आरोपावरून तो न्यायालयीन कोठडीत होता, पुढे निर्दोष सुटला. पण कोठडीत असताना त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मोडला होता. पहाऱ्यावरच्या जमादाराने मुरगाळला, असं त्याचं म्हणणं. तुरुंगाचं म्हणणं, न्हाणीत घसरून पडला. सुटल्यावर त्याने हक्कांची पायमल्ली झाली म्हणून दिवाणी दावा लावला. तो फेटाळला गेला. आता तो आमच्या दारात आला होता.

असले अर्ज कसे निकाली काढायचे हे प्रत्येक ठाण्याला तोंडपाठ असतं. "न्यायालयाने निर्णय दिलेला आहे, सबब चौकशी बंद." माझ्या रायटरने तसा मसुदा पुढे सरकवलासुद्धा. मी म्हटलं, आधी माणूस तर बघू.

मास्टर आला. अंगठा तळव्याकडे वळून बसलेला, कात्री धरता येत नव्हती. मी भरपाईचा विषय काढताच तो उसळला.

"साहब, भरपाई नका देऊ. पण निकालात लिहिलंय, मी माझा मीच पडलो. माझी मुलगी आता वाचायला लागलीय. ती विचारते, अब्बा, तुम्ही कोर्टात खोटं बोललात का? काय सांगू तिला?"

दावा फेटाळला गेला तो एका वाक्यावर. ही घटना पाहू शकला असता असा एक म्हातारा शेतकरी तेव्हा बांधाच्या भांडणात आत होता. तुरुंगाच्या चौकशीत बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या अधिकाऱ्याने त्याचा जबाब घेतला होता: "घटनेच्या वेळी आम्ही बसलेलो होतो." म्हणजे बराकीत बसलेले, म्हणजे काही पाहिलं नाही. दाव्याच्या वेळी म्हातारा सापडला नाही आणि तो जबाबच ग्राह्य धरला गेला.

मी माझ्या खबऱ्यांना कामाला लावलं. केळीच्या गाड्या भरणाऱ्या एकाचा फोन आला, "साहेब, तुमचा म्हातारा भडगावच्या अलीकडे लेकीकडे राहतो. गिरणाकाठीच." मी जेवणाचा डबा तसाच टेबलावर ठेवून जीप काढली.

आबा लिंबाखाली शेंगा फोडत बसले होते. आधी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खाऊ घातली, मगच बोलायला तयार झाले. मी विचारलं, "आबा, मास्टरला लागलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"कठे म्हंजे? आम्ही बठ्ठा व्हतूत ना तठे!"

मी खाटेवरून ताडकन उठलो. अहो, ही तर माझ्या आईची बोली, अहिराणी! बठ्ठा म्हणजे सगळे. आम्ही सगळे तिथे होतो! बाहेरच्या साहेबाच्या कानाला तो हिंदीतला 'बैठा' वाटला आणि त्याने शुद्ध मराठीत सगळ्यांना खाली बसवून टाकलं.

"मंग काय दखं आबा?"

"दखं ना! मास्टर पडना नही. जमादारनी त्यान्हा अंगठा मुरगाया. कडकन आवाज उना. आम्ही बठ्ठास्नी दखं."

"मग त्या जबाबावर अंगठा का दिला?"

"माले वाचता येस का भाऊ? त्यास्नी लिखं, मी आंगठा दिधा."

परतताना जीपमध्ये मला गावंसं वाटत होतं. पण एकट्या म्हाताऱ्याच्या शब्दावर भागणार नव्हतं. आबांनी त्या दिवशी हजर असलेल्या तुरुंगाच्या एका शिपायाचंही नाव सांगितलं होतं. तो आता धुळ्याला होता. रीतसर परवानगी घेऊन मी त्याला धुळ्याच्या ठाण्यात बोलावलं.

कडक इस्त्रीचा शर्ट, तितकीच कडक भाषा. "सदर घटना मला निश्चित आठवत नाही." काहीही विचारा, हेच. माझा अनुभव असा की माणूस खोटं बोलताना ऑफिसची भाषा घट्ट धरून ठेवतो. घरच्या बोलीत त्याची जीभ अडखळते. मी कागद मिटले, चहा मागवला. त्याचं गाव काढलं, आमटीतल्या डुबुकवड्यांचा विषय काढला. गडी मोकळा होऊन अहिराणीवर आला आणि मी बशीत चहा ओतता ओतता म्हटलं, "मंग त्या दिन तू बी व्हता ना बठ्ठास्मा?"

"व्हतू ना साहेब."

बोलून गेला आणि त्याच्या हातातला कप थांबला. मग तो मान खाली घालून म्हणाला, "जबाब लिखतांना बी मी तठेच व्हतू. साहेबनी चुकीनं लिखं, माले समजनं. पन मी चूप ऱ्हायनू."

पोलिसांपुढचं बोलणं कोर्टात उपयोगाचं नसतं. त्याने शपथपत्र द्यायचं कबूल केलं आणि, खरं सांगतो, दिलंही. मास्टरच्या वकिलाने दावा पुन्हा उघडण्याचा अर्ज केला.

सुनावणीला आबा साक्षीला उभे राहिले. समोरचे वकील हुशार. म्हणाले, "बठ्ठा म्हणजे बसलेलेच. साक्षीदार आता शब्द फिरवतोय." न्यायाधीश बाहेरचे, त्यांनी आबांनाच विचारलं, "बाबा, बठ्ठा म्हणजे काय ते सांगा."

आबांनी कोर्टभर नजर फिरवली. पक्षकार, त्यांचे नातेवाईक, सगळे बाकांवर बसलेले. वकील गालात हसले. तेवढ्यात आबा कडाडले, "उभा ऱ्हा रे बठ्ठा!"

आणि काय सांगू! बाकांवरचे सगळे खाडकन उभे राहिले. खान्देशातली माणसं ती, वडीलधाऱ्याचा आवाज आला की विचार करत नाहीत. मीही उठलो. आबा हात करून म्हणाले, "ह्या दखा साहेब. आते एक बी बठेल नही, तरी बी ह्या बठ्ठाच शेत."

एकही बसलेला नाही, तरी हे सगळेच आहेत! न्यायाधीशांना हसू आवरेना. मग चष्मा सारखा करून त्यांनी दावा पुन्हा सुनावणीस घेण्याचा आदेश सांगितला.

त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी एक नियम पाळला. जबाब लिहून झाला की तो सांगणाऱ्याला त्याच्याच बोलीत वाचून दाखवायचा, मग सही किंवा अंगठा. माणसाने खरं सांगून भागत नाही, ते नीट ऐकणारा कानही लागतो, हे मला या केसने शिकवलं.

आदेशानंतर मास्टर बाहेर पायरीवर भेटला. मोडका अंगठा डोळ्यांना लावून हुंदके देत होता. मी म्हटलं, "मास्टर, दावा अजून जिंकायचाय."

"जिंकू साहब," तो म्हणाला, "पण आज घरी जाऊन मुलीला सांगतो. मी पडलो तेव्हा कोणी बसलेलं नव्हतं." मग स्वतःच थबकला, डोळे पुसले आणि हसून म्हणाला, "बघा, मला पण सवय लागली. पडलो नाही साहब. माझा अंगठा मुरगाळला."